धर्मगुरूचें शिक्षण आणि जर्मन देशांचा धडा

आमच्या गांवांत कोणी नवा डॉक्टर आला म्हणजे लोक प्रथम त्याची पदवी विचारतात. वकिलाची सनद पाहिल्यावांचून कोणी त्याच्या हातीं आपले जमिनीचे कागद देत नाहीं; इतकेंच काय, पण मोटार हांकणारासही सरकारी परवाना लागतो. मात्र जो मनुष्य तान्ह्या बालकास बाप्तिस्मा देतो, मरणाऱ्याच्या उशाशीं बसून शेवटची प्रार्थना करतो, आणि दर रविवारीं शेंकडों माणसांस त्यांच्या आत्म्याच्या हिताच्या गोष्टी सांगतो, त्याचें शिक्षण किती व कोठें झालें, हा प्रश्न आम्ही क्वचितच विचारतों. तो स्वभावानें भला असला, त्याचा आवाज खणखणीत असला, व बोलावल्या वेळीं तो येत असला, म्हणजे आमचें समाधान होतें. हें समाधान कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचा आमचा हेतु आहे.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्हीं कॉलेजांत नांव घातलें, तेव्हां मंडळींतील एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस जवळ बसवून घेतलें व ते म्हणाले, "बाळ, शीक, पण फार शिकूं नकोस. फार शिकलेल्याची श्रद्धा पातळ होते. आमच्या वेळच्या उपदेशकांना कोठें पदव्या होत्या?" त्यांचे बोल प्रेमाचे होते, आणि ज्या उपदेशकांची त्यांस आठवण होती ते खरोखरच साधुवृत्तीचे पुरुष होते. त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें इतिहास शिकवितां शिकवितां असें दिसून आलें कीं, एका मोठ्या ख्रिस्ती समाजानें हाच प्रश्न साडेचारशें वर्षें सोडविण्याचा यत्न चालविला आहे. हा समाज म्हणजे जर्मन भाषा बोलणाऱ्या देशांतील, म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील, रोमन कॅथलिक मंडळी होय. आमच्या प्रांताचा तिच्याशीं संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई व पुणें येथील कॅथलिक मिशन जर्मन जेझुइट धर्मगुरूंच्या हातीं होतें. मुंबईचें सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ सालीं त्यांनींच काढलें. त्यांच्या विद्याव्यासंगामागें कोणती परंपरा होती, हें पुढील हकीकतीवरून कळून येईल.

सोळाव्या शतकाच्या आरंभीं जर्मन देशांत विद्यापीठांची वाण नव्हती. व्हिएन्ना येथील विद्यापीठ १३६५ सालीं, हायडेलबर्ग येथील १३८६ सालीं व कोलोन येथील १३८८ सालीं स्थापन झालें होतें. परंतु खेड्यापाड्यांतील धर्मगुरु तेथपर्यंत क्वचितच पोंचत असे. एखाद्या वृद्ध धर्मगुरूच्या हाताखालीं राहून लॅटिन पाठ घोकावे, उपासनेचे विधि डोळ्यांनीं पाहून शिकावे, आणि जुजबी परीक्षा देऊन दीक्षा घ्यावी, असा सर्वसाधारण प्रघात होता. त्यामुळें १५१७ सालीं मार्टिन लूथर या विटेनबर्ग विद्यापीठाच्या अध्यापकानें वाद उभा केला, तेव्हां गांवोगांवच्या धर्मगुरूंस आपल्या लोकांचें समाधान करतां येईना. आडांतच नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

कॅथलिक मंडळीनें आपल्या दुखण्याचें निदान लवकरच केलें. १५५२ सालीं इग्नेशियस लोयोला यांच्या प्रयत्नानें रोम शहरांत जर्मन तरुणांसाठीं 'कोलेजियम जर्मानिकुम' नांवाचें विद्यालय निघालें. तेथील विद्यार्थी तांबडेभडक झगे घालीत, म्हणून रोमचे लोक थट्टेनें त्यांस 'उकडलेल्या कोळंब्या' म्हणत. पण याच कोळंब्यांतून पुढें जर्मनीचे कित्येक बिशप निपजले. १५६३ सालीं ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें ठरविलें कीं, प्रत्येक बिशपानें आपल्या धर्मप्रांतांत बारा वर्षांवरील होतकरू मुलांसाठीं एक सेमिनरी चालवावी, आणि तींत विशेषेंकरून गरिबांचीं मुलें घ्यावीं. 'सेमिनरी' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ रोपांची वाडी असा आहे. कोंकणांतील शेतकरी भाताचें रोप आधीं तरव्यांत वाढवितो व मग खाचरांत लावतो, तशीच ही कल्पना. दुसऱ्याच वर्षीं, १५६४ सालीं, आजच्या बव्हेरियांतील आइखश्टेट येथें अशी सेमिनरी उघडली. आल्प्स पर्वताच्या उत्तरेस ती पहिली. पीटर कनिसियस व त्यांचे जेझुइट सोबती यांनीं इंगोलश्टाट, व्हिएन्ना, डिलिंगेन इत्यादि ठिकाणीं धर्मशिक्षणाची विस्कटलेली घडी पुन्हा बसविली.

येथवर सर्व ठीक झालें. पण खरी अडचण पुढेंच आहे. तरवा कोणाच्या ताब्यांत असावा, बिशपाच्या कीं सरकारच्या? आणि रोप तरव्यांत किती दिवस ठेवावें? या दोन प्रश्नांवर पुढें दीर्घकाळ झगडा चालला.

ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ यानें १७८३ सालीं बिशपांच्या सेमिनऱ्या व मठांतील शाळा बंद करून त्यांच्या जागीं सरकारी 'जनरल सेमिनऱ्या' काढल्या. धर्मगुरु म्हणजे राज्याचा एक सुशिक्षित अंमलदार, अशी त्याची समजूत होती. ही व्यवस्था लोकांस रुचली नाहीं. १७९० सालीं सम्राट वारला व त्याच्या भावानें त्याच वर्षीं ती मोडून टाकली. तथापि त्या काळचें एक काम टिकून राहिलें. राउटेनश्ट्राउख नांवाच्या मठाधिपतीनें अभ्यासक्रम आखला होता. आजाऱ्याचें सांत्वन कसें करावें, मुलांस धर्म कसा शिकवावा, उपदेश कसा रचावा, हा 'पाळकीय ईश्वरविज्ञाना'चा स्वतंत्र विषय त्या अभ्यासक्रमामुळें १७७७ पासून विद्यापीठांत शिरला, आणि इतर विषय लॅटिनमध्यें चालले तरी हा एक विषय लोकभाषेंत शिकविला जाऊं लागला. ज्यांना जन्मभर मराठींतून उपदेश करावयाचा आहे, पण ज्यांचें सारें धर्मशिक्षण इंग्रजींत होतें, त्यांनीं या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

एकोणिसाव्या शतकांत दोन पंथ स्पष्टपणें वेगळे झाले. पहिल्याचें उदाहरण ट्युबिंगेन. तेथील विद्यापीठांत १८१७ सालीं कॅथलिक ईश्वरविज्ञानाची शाखा आली. प्रॉटेस्टंट शाखा तेथें पूर्वींपासून होतीच. एकाच गांवांत, एकाच विद्यापीठांत, दोन्ही मतांचे पंडित शेजारीं शेजारीं शिकवूं लागले. कॅथलिक विद्यार्थी 'विल्हेल्म्सश्टिफ्ट' नांवाच्या वसतिगृहांत धर्मगुरूंच्या देखरेखीखालीं राहत, प्रार्थना करीत, आणि व्याख्यानांसाठीं विद्यापीठांत जात. शेवटची तयारी रॉटेनबर्ग येथील सेमिनरींत होई. या शाखेंतील योहान आडाम मोह्लर हे तरुणपणीं बर्लिनपर्यंत प्रवास करून प्रॉटेस्टंट अध्यापकांचीं व्याख्यानें ऐकून आले होते. १८३२ सालीं त्यांनीं दोन्ही मतांची तुलना करणारा 'सिंबोलिक' हा ग्रंथ लिहिला. त्यास शेजारच्याच शाखेंतील बाउर यांनीं सडेतोड उत्तर दिलें. वाद कडाक्याचा झाला. पण दोघांसही एकमेकांचे ग्रंथ नीट वाचावे लागले, हा लाभ लहानसहान नव्हे.

दुसऱ्या पंथाचें उदाहरण मायन्स. तेथील बिशप केटेलर यांस वाटलें कीं, सरकारी विद्यापीठांत आमच्या मुलांवर भलतेच संस्कार होतात. म्हणून १८५१ सालीं त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांचें शिक्षण गीसेन विद्यापीठांतून काढून आपल्याच सेमिनरींत आणलें. गीसेनची कॅथलिक शाखा ओस पडली. केटेलर हे कोत्या मनाचे नव्हते. मजुरांच्या दुःखाविषयीं त्या काळीं तळमळीनें बोलणाऱ्या धर्माधिकाऱ्यांत त्यांची गणना होते. तेव्हां त्यांची भीति हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं.

ती भीति खरी ठरविण्याचें काम बिस्मार्कच्या सरकारनें केलें. मे १८७३ च्या प्रशियन कायद्यानें असें फर्माविलें कीं, धर्मगुरु होणारानें सरकारी हायस्कुलाची अखेरची परीक्षा द्यावी, जर्मन विद्यापीठांत तीन वर्षें ईश्वरविज्ञान शिकावें, आणि शिवाय तत्त्वज्ञान, इतिहास व जर्मन वाङ्मय या विषयांत सरकारपुढें परीक्षा द्यावी. वाचकहो, या अटींत वाईट असें काय आहे? इतिहास व वाङ्मय जाणणारा धर्मगुरु कोणास नको आहे? परंतु जी गोष्ट प्रेमानें सांगावयाची ती सोटा दाखवून सांगितली, म्हणून बिशपांनीं ती मानली नाहीं. सेमिनऱ्यांस कुलुपें लागलीं, बिशप तुरुंगांत गेले, शेंकडों गांवें धर्मगुरूवांचून राहिलीं. अखेर १८८६ व १८८७ सालीं सरकारनें माघार घेतली. विद्या चांगली असली तरी ती सक्तीनें घशांत कोंबली असतां विटाळते, एवढें यावरून दिसून येतें.

आज चालू असलेली व्यवस्था या सर्व भांडणांतून निघाली आहे. तिचा पाया २० जुलै १९३३ च्या करारांत आहे. तो करार हिटलरच्या सरकारशीं झाला ही दुःखाची गोष्ट खरी. पण जर्मनीच्या सर्वोच्च घटना-न्यायालयानें १९५७ सालीं तो अद्यापि बंधनकारक असल्याचा निर्णय दिला, आणि शिक्षणाविषयींचीं त्याचीं कलमें चांगलीं आहेत. सरकारी विद्यापीठांतील कॅथलिक शाखा चालू राहाव्या; धर्मगुरु होणारानें विद्यापीठप्रवेशाची परीक्षा उत्तीर्ण झालेली असावी; व त्यानें निदान तीन वर्षें जर्मन सरकारी विद्यापीठांत, मंडळीच्या उच्च विद्यालयांत किंवा रोम येथील पोपच्या विद्यालयांत शिक्षण घ्यावें, असें त्यांत ठरलें. प्रत्यक्षांत हा अभ्यास आतां सुमारें पांच वर्षांचा असतो. लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा, तत्त्वज्ञान, पवित्र शास्त्राचें संशोधन, मंडळीचा इतिहास, धर्मशासन, इतके विषय विद्यार्थ्यास शिकावे लागतात. आणि मध्यें एक वर्ष त्यानें आपलें वसतिगृह सोडून परक्या विद्यापीठांत घालवावें, अशीही चाल आहे. प्राध्यापकास पगार सरकार देतें, पण बिशपाची हरकत नाहीं असें कळल्यावांचून त्याची नेमणूक होत नाहीं. १९७९ च्या डिसेंबरांत ट्युबिंगेनच्या हान्स क्युंग यांची धर्मशिक्षणाची अनुज्ञा मंडळीनें काढून घेतली; तेव्हां विद्यापीठानें त्यांस घालवून दिलें नाहीं, तर कॅथलिक शाखेबाहेर त्यांचें अध्यापन चालू ठेवलें. कोणाची बाजू खरी याविषयीं मतभेद आहेत. पण घर एकाचें व अंगण दुसऱ्याचें असतांही दोघांस नांदतां येतें, असें त्यांत दिसलें.

आतां आमच्या त्या वृद्ध गृहस्थांच्या शंकेकडे वळूं. विद्येनें श्रद्धा पातळ होते काय? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर विद्या हें श्रद्धेचें किंवा धैर्याचें तारण नव्हे. १९३३ सालीं ट्युबिंगेनचे कार्ल आडाम यांच्यासारख्या नामांकित पंडितानें नव्या राजवटीशीं मेळ घालणारा लेख लिहिला, आणि मंडळीच्या इतिहासाचे मोठे जाणकार योझेफ लोर्ट्स हे तर नाझी पक्षाचे सभासदच झाले. ज्या ज्ञानानें त्यांस सावध करावयाचें, त्याचाच त्यांनीं समर्थनासाठीं उपयोग केला. पुढें त्याच राजवटीनें १९३८ सालीं इन्सब्रुक येथील व १९३९ सालीं म्युनिक येथील कॅथलिक शाखा बंद केल्या.

परंतु त्याच पद्धतींत वाढलेला कार्ल लाइस्नर नांवाचा एक विद्यार्थीही आम्हांस आठवतो. तो म्युन्स्टर येथें शिकत होता, व चालीप्रमाणें एक वर्ष फ्रायबुर्ग येथें शिकून आला होता. १९३९ सालीं त्याला दीक्षेच्या आधींची पायरी मिळाली. तोंच क्षय झाला, आणि एका सडेतोड उद्गाराबद्दल त्याला रुग्णालयांतूनच पकडून नेलें. दाखाउच्या छळछावणींत शेंकडों धर्मगुरु कैदेंत होते. तेथें १७ डिसेंबर १९४४ रोजीं, स्वतः कैदी असलेल्या एका फ्रेंच बिशपानें या जर्मन तरुणास गुरुदीक्षा दिली. त्यानें आयुष्यांत एकदांच पवित्र मिस्सा अर्पण केला, आणि १२ ऑगस्ट १९४५ रोजीं तो निवर्तला. ज्याच्या अभ्यासास एकही वर्ष कमी पडलें नाहीं, त्याच्या श्रद्धेसही कांहीं कमी पडलें नाहीं.

दुसरी हकीकत युद्धानंतरची. फ्रान्समध्यें कैद झालेल्या जर्मन शिपायांत ईश्वरविज्ञानाचे पुष्कळ विद्यार्थी होते. त्यांस एकत्र आणून १९४५ ते १९४७ या काळांत, प्रथम ओर्लेआं येथें व नंतर शार्त्रजवळ, कांटेरी तारांच्या कुंपणांत एक सेमिनरी चालविण्यांत आली. तिचे प्रमुख फ्रान्झ श्टॉक हे जर्मन धर्मगुरु होते. युद्धकाळांत जर्मनांनीं देहान्ताची शिक्षा दिलेल्या फ्रेंच कैद्यांस अखेरच्या घटकेस धीर देण्याचें काम त्यांनीं पॅरिसमध्यें केलें होतें. शार्त्रच्या त्या छावणींतून सुमारें साडेनऊशें लोक गेले. ना ग्रंथालय, ना पुरेसें अन्न, ना ऊब; तरी व्याख्यानें व परीक्षा चुकल्या नाहींत. पराभूत, लज्जित व उपाशी अशा तरुणांना आधीं दीक्षा देऊन टाकूं, अभ्यास मागाहून पाहूं, असें तेथें कोणी म्हटलें नाहीं. शिक्षकाचा धंदा करणारास याहून मोठा दिलासा कोणता?

इतकें सांगून आम्ही थांबलों असतों तर लेख गोड झाला असता. पण खरा झाला नसता. २०१८ सालीं जर्मन बिशपांनींच नेमलेल्या संशोधकांचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९४६ ते २०१४ या काळांतील कागदपत्रांत १,६७० धर्मगुरु व इतर दीक्षितांकडून ३,६७७ अल्पवयीन मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या नोंदी आढळल्या. आणि दोषी माणसास शिक्षा न करितां गुपचूप दुसऱ्या गांवीं बदलल्याचेंही दिसून आलें. हीं माणसें याच शिक्षणपद्धतींतून आलीं होतीं. त्यांस हिब्रू येत होतें, तत्त्वज्ञान येत होतें. मग उणें कोठें होतें? आमच्या मतें उणें येथें होतें कीं, त्यांचा वर्ग उघडा होता, पण त्यांचें राहतें घर व वरिष्ठांची कचेरी बंद होती. विद्यापीठांत त्यांच्या प्रबंधांतील प्रत्येक वाक्य परके लोक तपासून पाहत. त्यांच्या वर्तनाची तपासणी मात्र घरच्या घरीं होई, व घरचा मनुष्य घरच्या माणसास सांभाळून घेई.

या अहवालानंतर जर्मनींत पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहिला आहे. १९६२ सालीं तेथें पांचशेंहून अधिक धर्मगुरूंस दीक्षा मिळाली होती. २०२२ सालीं ती पन्नासांहून कमी जणांस मिळाली. सेमिनऱ्या एकत्र कराव्या लागत आहेत. विद्यापीठांतील ईश्वरविज्ञानाच्या वर्गांत आतां बहुतेक विद्यार्थी दीक्षा न घेणारे स्त्रीपुरुष असतात. त्यांतील पुष्कळ जण पुढें शाळांतून धर्मशिक्षक होतात. मग मूठभर उमेदवारांसाठीं विद्यापीठाची उठाठेव कशाला, त्यांस आपल्याच भिंतींच्या आंत शिकवावें, असें कांहींस वाटतें. कोलोनच्या धर्मप्रांतानें २०२० सालीं एका धर्मसंघाची ईश्वरविज्ञानशाळा आपल्याकडे घेतली, तेव्हां जवळच्या बॉन विद्यापीठांतील १८१८ पासूनच्या शाखेचें काय होणार, यावरून मोठा वाद माजला. ऑस्ट्रियांतील हायलिगेनक्रॉइत्स या ११३३ सालच्या मठाच्या विद्यालयास २००७ सालीं पोपची मान्यता मिळाली, व तेथें विद्यार्थ्यांची चांगली गर्दी असते. मठांतील शांति, नियमित प्रार्थना व साधें राहणें यांचें आकर्षण तरुणांस आहे, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

तरीही आमचें मत विद्यापीठाच्या बाजूचें आहे. ज्यांनीं दोन्ही रीती अनुभवल्या त्यांनीं शेवटीं काय केलें, हें पाहावें. जेथें केटेलर यांनीं विद्यार्थी विद्यापीठांतून काढले, त्याच मायन्स शहरीं १९४६ सालीं विद्यापीठ पुन्हा उघडलें तेव्हां सेमिनरींतील अध्यापनच त्याची कॅथलिक शाखा झालें. पूर्व जर्मनींत कम्युनिस्ट राजवटीखालीं कॅथलिक शाखेस सरकारी विद्यापीठांत जागा नव्हती, म्हणून १९५२ सालीं एर्फुर्ट येथें मंडळीनें स्वतःचें विद्यालय काढलें. तें आपल्याच भिंतींत पन्नास वर्षें उत्तम चाललें. आणि भिंत पडल्यावर, २००३ सालीं, तें आपणहून एर्फुर्टच्या विद्यापीठांत गेलें. रोप तरव्यांत वाढलें तरी पीक खाचरांतच यावयाचें. उद्यां ज्याला डॉक्टर, शेतकरी, नास्तिक व अन्यधर्मीय अशा सर्वांच्या प्रश्नांस तोंड द्यावयाचें आहे, त्यानें तरुणपणींच त्यांच्या शेजारीं बाकावर बसावें. मात्र जसा त्याचा अभ्यास परक्यांनीं तपासावा, तशीच त्याच्या वसतिगृहाची व त्याच्या वरिष्ठांचीही तपासणी बाहेरच्या जबाबदार स्त्रीपुरुषांनीं करावी. जर्मन मंडळीनें यांतील पहिलें काम कित्येक पिढ्यांपूर्वीं केलें. दुसऱ्यास तिनें फार उशीरा हात घातला, आणि त्या उशिराची किंमत मुलांनीं दिली.

हें सर्व दूरदेशचें आख्यान म्हणून आम्हीं सांगितलें नाहीं. ज्या देशांतून आमच्या प्रांतांत धर्मगुरु आले, त्या देशांतील कित्येक गांवांत आज भारतीय धर्मगुरु उपासना चालवीत आहेत. आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांतही असा एखादा विद्यार्थी असेल, ज्याच्या मनांत प्रभूच्या सेवेस आयुष्य वाहण्याचा विचार घोळत आहे. त्यास आमचें सांगणें इतकेंच कीं, घाई करूं नकोस. आधीं पदवी घे, आपल्या भाषेंत उत्तम लिहावयास शीक, आणि ज्या प्रश्नांची तुला भीति वाटते तेच आधीं वाच. मंडळींतील वडील मंडळींस आमची विनंति अशी कीं, अशा मुलाच्या पुस्तकांचा व फीचा भार उचलावा, त्यास लवकर कामास लावण्याचा आग्रह धरूं नये, आणि जेथें तो राहील त्या घराची विचारपूस करण्यास संकोचूं नये.

ते वृद्ध गृहस्थ आतां हयात नाहींत. त्यांची भीति अगदींच निराधार नव्हती, हें आम्हीं वर कबूल केलेंच आहे. पण आज ते भेटते तर आम्ही त्यांस म्हणालों असतों, "बाबा, श्रद्धा पातळ होण्याचें भय आहेच, म्हणूनच ती ज्या भांड्यांत ठेवावयाची तें भांडें चांगलें भाजून घेऊं या." आमच्या मुलांस असें पक्कें शिक्षण, व तें देणारे सावध वडील, दोन्ही लाभोत, अशी प्रभुचरणीं आमची प्रार्थना आहे.